परसात साप दिसला: आधी अंतर, मग ओळख

मृग लागला की माझ्या मोबाईलवर फोटो यायला सुरुवात होते. डोकं ठेचलेला साप, शेजारी टेकवलेली काठी, आणि खाली प्रश्न: "विषारी आहे का हो हा?" प्रश्न योग्य आहे, विचारायची वेळ गेलेली आहे. फोटोतला साप बहुतेकदा कवड्या असतो, नाहीतर नानेटी. म्हणजे बिनविषारी सापासाठी माणूस काठीच्या अंतरावर गेलेला असतो, आणि तो मण्यार असता तरी तेवढाच जवळ गेला असता.

चूक सगळीकडे एकच होते: क्रम उलटा लागतो. ओळख पटावी म्हणून लोक जवळ जातात. खरं तर सुरुवातीची कामं करायला साप कोणता आहे हे कळायची गरजच नसते. खाली क्रमाने देतोय. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली परसं आणि आगरं डोळ्यांसमोर आहेत, पण घाटावरच्या बागेतही क्रम हाच. फार तर फुरशाऐवजी घोणस जास्त भेटेल.

## १. मे महिन्यातली तयारी

दवाखान्याची चौकशी आधी. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीन गोष्टी विचारा. प्रतिविष, म्हणजे आपण ज्याला सापाची लस म्हणतो ते, साठ्यात आहे का? रात्री डॉक्टर असतात का? व्हेंटिलेटर जवळात जवळ कुठे आहे? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. नाग किंवा मण्यार चावला तर श्वास बंद पडू शकतो, तेव्हा जीव या यंत्रावर तरतो. नुसतं जवळचं हॉस्पिटल माहीत असून भागत नाही, यातलं काय कुठे मिळतं ते माहीत हवं.

नंबर कागदावर. १०८ रुग्णवाहिका, १९२६ वनविभाग, आणि वनविभागाकडे नोंद असलेला तुमच्या भागातला सर्पमित्र. हे दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पावसात वीज जाते, मोबाईल उतरतो, आणि घाबरलेल्या माणसाला "सर्पमित्र दादा नवीन" या नावाने सेव्ह केलेला नंबर सापडत नाही.

चांगला टॉर्च आणि गमबूट. मोबाईलचा उजेड चालायला पुरतो, पाचोळ्यात बसलेलं फुरसं दाखवायला पुरत नाही. टॉर्च दाराशी टांगलेला हवा. रात्री न्हाणीघरात जायचं असलं तरी तो हातात असला पाहिजे.

बेणणी, म्हणजे गवत काढून साफसफाई, घरापासून बाहेरच्या दिशेने. इथे बरेच जण चुकतात. गडग्याकडून, म्हणजे दगडी कुंपणाकडून, साफ करत घराकडे आलात, तर आडोसा शोधणारा प्रत्येक जीव शेवटी तुमच्या पडवीत येतो. ओट्यापासून सुरू करा आणि गडग्याकडे सरकत जा. चारही बाजूंनी पातेरा पेटवू नका. साप जळतो, नाहीतर थेट घरात शिरतो.

हात घालायच्या जागा अवजाराला द्या. झावळ्यांचा ढीग, चिरे, पत्रा, उलटी पडलेली घमेली, गोवऱ्यांची रास इथे बोटं नकोत. पत्रा किंवा चिरा उचलताना पलीकडची कड फावड्याने आपल्या दिशेला उचला. खाली साप असलाच तर त्याला पलीकडे वाट मोकळी होते आणि तुमच्या दोघांमध्ये पत्र्याचा आडोसा राहतो. अलीकडची कड उचलली की सापाचं तोंड तुमच्या पावलांकडे.

लाकडं जमिनीपासून फूटभर उंच रचा, भिंतीला चिकटवू नका. कोंबड्यांचं सांडलेलं खाद्य रोज झाडा. त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग, घोणस, धामण. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. दाराखालच्या फटीत बोट जात असेल तर कवड्या आरामात आत येतो, आणि जिथून कवड्या येतो तिथून मण्यारही येतो. जमिनीवर झोपायची सवय असेल तर पावसाळ्यापुरती तरी खाट घ्या आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. मण्यारापासून वाचायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

> सावधान: फिनेल, कार्बोलिक ॲसिड, गंधक, लसूण, रॉकेल यांपैकी कशानेही साप कायमचा लांब राहत नाही. रॉकेल अंगावर पडलेला साप सैरावैरा धावतो, म्हणजे दिसणारा साप तुम्ही न दिसणारा करून ठेवता. भाजीच्या वाफ्याभोवती नायलॉनची जाळी जमिनीला टेकवून लावू नका. धामणी त्यात अडकून मरतात आणि सोडवायला गेलेला माणूस चावून घेतो.

## २. दिसल्यानंतरचं पहिलं मिनिट

क्रम असा:

1. जागच्या जागी थांबा. पाय आपटू नका, उडी मारू नका. एक साप दिसला म्हणून मागे धावणारा माणूस न बघता पाऊल टाकतो.
2. साप किती लांब आहे ते बघा. हाताच्या अंतरावर असेल तर तो हलेपर्यंत स्थिर उभे राहा, किंवा अगदी सावकाश मागे सरका. त्याहून लांब असेल तर आधी मागची जमीन बघा आणि मग दोन-तीन पावलं मागे या.
3. दहा फूट अंतर राखा. साप साधारण स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, फार तर निम्म्याइतका झेपावतो. आपल्याकडच्या कुठल्याही विषारी सापासाठी दहा फूट भरपूर झाले. पाठलाग करून चावणारा साप आपल्याकडे नाही. तुमच्या दिशेने येतोय असं वाटलं तर बहुतेक वेळा त्याचं बीळ किंवा गडगा तुमच्या मागे असतो. बाजूला व्हा.
4. कुत्रा बांधा, मुलांना घरात घ्या. साप डिवचला जातो तो जास्त करून कुत्र्यामुळे. त्याला आवरायला धावणारा मालक मग चावला जातो.
5. एकाने नजर ठेवा. फक्त एकाने. बाकीच्यांनी मागे जायचं. गोल करून उभी राहिलेली वाडी म्हणजे सापाच्या सगळ्या वाटा बंद.

> तपासा: सापाला निसटायला एक तरी बाजू मोकळी आहे का? नसेल तर आधी ती मोकळी करा. फोन नंतर.

## ३. फोटो, आणि काय बघायचं त्याचा क्रम

दहा फुटांवरूनच झूम करून दोन-तीन फोटो घ्या. एक पूर्ण सापाचा, एक डोक्यामानेचा, एक शेपटीकडच्या भागाचा. रात्री फ्लॅश मारण्यापेक्षा दुसऱ्याला टॉर्च धरायला सांगा, फ्लॅशमध्ये चकचकीत खवले पांढरे होऊन पट्टे पुसले जातात. व्हॉट्सॲपवर पाठवताना नुसता फोटो पाठवू नका. गाव, वेळ, साप कुठे होता आणि अंदाजे किती फूट, हेही लिहा. "आगरात, संध्याकाळी सात, चिऱ्याखाली, दीड फूट" एवढ्या शब्दांत निम्मी ओळख होते.

फोटो नीट येत नसेल तर सोडून द्या. फोटोसाठी आठ फूट, मग सहा फूट, असं सरकू नका.

नजर फिरवायचा क्रम हा: आधी अंगावरची नक्षी, मग ती नक्षी कुठे सुरू होऊन कुठे संपते, मग डोकं आणि मान, मग शेपटी. रंग सगळ्यात शेवटी. रंग वयाने बदलतो, कात टाकण्याआधी फिका पडतो, चिखलाने झाकला जातो. "तपकिरी होता" हे वर्णन मला रोज ऐकू येतं आणि त्यातून काहीच कळत नाही.

## ४. गोंधळ होतो त्या जोड्या

आपल्याकडे माणसांचे सर्वाधिक जीव घेणारे साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. भारतात मिळणारं प्रतिविष याच चौघांच्या विषावर बनतं. सह्याद्रीलगत पाचवा चापडा धरा. प्रत्येकाचा एखादा बिनविषारी किंवा सौम्य विषाचा तोतया आहे. म्हणून एकेक साप पाठ करण्यापेक्षा जोडी लक्षात ठेवा.

मण्यार आणि कवड्या. सगळ्यात घातक गफलत हीच, म्हणून इथे थांबतो. दोघेही रात्री फिरतात, दोघेही घरात येतात, दोघांच्याही अंगावर आडवे पांढरट पट्टे.

मण्यार काळा किंवा निळसर काळा, तेल लावल्यासारखा चकाकणारा. पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने. मानेजवळ ते नसतात किंवा तुटक ठिपक्यांसारखे असतात, आणि शेपटीकडे जाताना ठळक होतात. कवड्याचं नेमकं उलट: पट्टे मानेपासूनच सुरू, पहिले एकदोन रुंद आणि ठसठशीत, शेपटीकडे फिके होत जवळजवळ नाहीसे. त्याचा रंग तपकिरी, डोकं चपटं. खडबडीत भिंतीवर सरसर चढताना दिसला तर कवड्याचा संशय वाढतो, पण तेवढ्यावर शिक्का मारू नका.

एका ओळीत: शेपटीकडे पट्टे ठळक, मण्यार. मानेकडे ठळक, कवड्या.

पण याला अपवाद आहेत. मण्याराच्या पिल्लांचे पट्टे पुढेपर्यंत येतात, आणि काही मोठ्या मण्यारांवर पट्टे जवळजवळ नसतातच. मण्याराच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते, ती पक्की खूण. मात्र ती स्पष्ट झूम केलेल्या फोटोतच दिसते, ती बघायला वाकायचं नाही. मी स्वतः एकदा पडवीच्या कोपऱ्यातल्या सापाला अर्ध्या मिनिटात "कवड्या" म्हणून मोकळा झालो होतो. टॉर्च आणला तेव्हा शेपटीच्या टोकापर्यंत लख्ख पट्टे. तेव्हापासून अर्ध्या उजेडात पट्टेवाल्या सापाला मी कवड्या म्हणत नाही.

घोणस, डुरक्या घोणस आणि अजगराचं पिल्लू. घोणशीच्या पाठीवर गडद, लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, साखळीच्या कड्यांसारख्या. ठिपक्यांना काळी आणि तिच्याबाहेर पांढुरकी किनार. नियमितपणा ही तिची खूण. डुरक्या नावाने घोणस, पण बिनविषारी; त्याच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, आणि शेपटी तोडल्यासारखी आखूड. अजगराचे डाग मोठे, ओबडधोबड आकाराचे, अंग गुळगुळीत. आणखी एक खूण कानाने कळते: डिवचलेली घोणस कुकरच्या शिट्टीआधी वाफ सुटते तसा मोठा, लांबलेला फूत्कार काढते. तो ऐकू आला की ओळख झाली, मागे फिरा. मात्र आवाज नाही म्हणून घोणस नाही, असा उलटा हिशेब करू नका.

"अजगराचं पिल्लू" म्हणून हातात घेतलेली घोणस हा दरवर्षीचा प्रकार आहे. घोणस अंडी घालत नाही, पिल्लं देते, एका वेळी साधारण २० ते ४०, तीही पावसाळ्याच्या तोंडाशी. वीतभराचं पिल्लू जन्मापासून विषारी असतं. गांडुळाएवढं काहीतरी चकाकत वळवळलं तर तो बहुधा वाळा, तो निरुपद्रवी. पण वीतभर लांब, जाडसर आणि ठिपक्यांचं पिल्लू दिसलं तर उचलू नका.

फुरसं आणि मांजऱ्या. फुरसं फूट-दीड फुटाचं, अंगाने जाड, खरखरीत, कातळाच्या रंगाचं. डोक्यावर पांढुरकं बाणासारखं किंवा पक्ष्याच्या पावलासारखं चिन्ह. डिवचलं की इंग्रजी आठच्या आकाराची वेटोळी घालून अंगावर अंग घासतं, त्याचा करवतीसारखा खरखर आवाज येतो. चिरे, दगडांचे ढीग, गडग्याच्या फटी ही त्याची घरं. मांजऱ्याही डोक्यावर खूण बाळगतो, पण तो सडपातळ, मान बारीक, लांबी फुरशाच्या दुपटीची, आणि बहुधा झुडपात किंवा माळवदावर. त्याचं विष माणसाला धोकादायक नाही.

फुरशाचा आकार फसवतो. "एवढंसं तर आहे" म्हणून लोक चपलेने ढकलतात.

नाग आणि धामण. फणा काढला तर प्रश्नच नाही. पण नाग चोवीस तास फणा काढून फिरत नाही. धामण लांब, सहा-सात फूट सहज, चपळ, डोळे मोठे, मान बारीक, ओठांच्या खवल्यांवर उभ्या काळ्या रेघा, आणि मागच्या निम्म्या अंगावर काळी जाळीदार नक्षी. नागाचं डोकं मानेपेक्षा फारसं वेगळं उठून दिसत नाही. चवताळलेली धामणही मान फुगवते, पण वरखाली, फण्यासारखी आडवी नाही. चष्म्याची खूण फण्याच्या मागच्या बाजूला असते, तोंड तुमच्याकडे असेल तर ती दिसत नाही, आणि काही नागांवर ती पुसट असते. शिवाय धामण ही नागाची मादी नव्हे. ही दोन वेगवेगळी कुळं आहेत. एवढं सांगूनही पुढच्या पावसात कुणीतरी "जोडी बघितली" म्हणून फोन करणारच.

हिरवे तिघे. पोफळीत, वेलीवर किंवा करवंदीच्या जाळीत हिरवा साप दिसला तर आकार बघा. दोरीसारखा सडपातळ, नाक टोकदार: हरणटोळ. त्याचं विष सौम्य, माणसाला धोका नाही. डोळे फोडतो ही अफवा. गवतात, जमिनीवर, मळकट हिरवा, अंगाने भरलेला: गवत्या, बिनविषारी. फांदीवर न हलता बसलेला, डोकं त्रिकोणी, मान एकदम बारीक, अंग आखूड आणि जाड: चापडा, विषारी. मलबारी चापडा हिरवाच असतो असंही नाही, तो तपकिरी किंवा पिवळसरही असतो. चापडा चावून माणूस दगावणं विरळ, पण सूज आणि वेदना भयंकर, आणि आपलं प्रतिविष त्याच्यावर बनलेलं नाही. त्यामुळे सुपारी काढताना, मिरीचे वेल हाताळताना आधी काठीने फांद्या हलवा.

विहिरीत, पाटात पोहणारा चौकडीचा साप बहुधा पाणदिवड. रागीट आहे, चावते, विष नाही. तरी नागही पोहतो हे ध्यानात असू द्या.

> तपासा: वरच्या जोडीतल्या किमान दोन खुणा जुळल्या का? एकच जुळत असेल, किंवा "असावा" असा शब्द तोंडात आला, तर तो विषारी धरा.

## ५. या खुणांवर विसंबू नका

डोकं त्रिकोणी म्हणजे विषारी, हा नियम घोणस-चापड्याला लागू पडतो आणि नाग-मण्याराला साफ फसतो. उलट कितीतरी बिनविषारी साप घाबरल्यावर डोकं चपटं करून त्रिकोणी दाखवतात. बाहुली उभी की गोल हे बघायचं असेल तर तुम्ही आधीच फार जवळ आहात, आणि नागाची बाहुली गोलच असते. दोन दातांच्या खुणा म्हणजे विषारी, हेही नाही: कधी एकच खूण उमटते, कधी ओरखडा, आणि मण्याराची तर काही वेळा दिसतही नाही. मोबाईलवरची साप ओळखणारी ॲप्स गंमत म्हणून ठीक, निर्णय त्यांच्यावर सोडू नका.

स्थानिक नावांचीही तीच कथा. एका वाडीतलं नाव पुढच्या वाडीत दुसऱ्याच सापाला चिकटलेलं असतं. डॉक्टरांना किंवा सर्पमित्राला नाव सांगण्यापेक्षा वर्णन सांगा.

## ६. सोडून द्यायचा की बोलवायचं

साप उघड्यावर आहे, वाट मोकळी आहे, तुम्ही लांब आहात: काही करू नका. बहुतेक साप काही मिनिटांत निघून जातात, विषारी असला तरी. बागेतून गेलेल्या प्रत्येक सापाला पकडून लांब सोडणं हा उपाय नाही. परक्या जागेत त्याचं जगणं अवघड होतं आणि तुमच्या बागेत उंदीर तसेच राहतात.

बोलवायचं तेव्हा, जेव्हा साप घरात, न्हाणीघरात, खुराड्यात, लाकडांच्या राशीत किंवा मुलांच्या वाटेवर ठाण मांडून बसला असेल. घरात असेल तर माणसं बाहेर, त्या खोलीचं आतलं दार बंद, दाराखालच्या फटीत ओल्या गोणपाटाची गुंडाळी, आणि बाहेरचं दार किंवा खिडकी उघडी. सर्पमित्र येईपर्यंत नजर सोडू नका. "मघाशी इथे होता" या वाक्यावर पूर्ण घर उपसावं लागतं.

आलेला माणूस सापाला गळ्यात घालून फोटो काढू लागला, पैशाची बोली लावू लागला किंवा तुमच्या मुलाच्या हातात शेपटी देऊ लागला, तर थांबवा. साप पिशवीत किंवा बरणीत घालून शांतपणे निघणारा माणूस चांगला.

मारू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, चावण्याचा धोका काठी उगारल्यावर कमी होत नाही, वाढतो. मेलेल्या सापालाही हात लावू नका, कापलेलं डोकं काही वेळ चावू शकतं.

साप गेल्यावर "जोडीदार" शोधत रात्रभर बाग खणायची गरज नाही, तो सूड घ्यायला येत नाही. सकाळी उजेडात, गमबूट घालून, तो जिथे गेला ती फट बघा आणि पुढचा पंधरवडा तिथे हात घालू नका.

## ७. चावलाच तर

इथे घाई फक्त गाडीची करायची.

1. सापापासून लांब या आणि बसा किंवा आडवे व्हा. साप शोधायला, मारायला, पकडायला कुणीही जाऊ नये. उपचार लक्षणं बघून होतात, साप दाखवला नाही म्हणून अडत नाहीत. आधीच काढलेला फोटो असेल तर न्या.
2. वेळ लिहा. तळहातावर पेनने लिहिली तरी चालेल.
3. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ, घट्ट बाही काढा. सूज चढल्यावर ती कापावी लागतात.
4. हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी सैलसर कापडाने बांधा. रक्त अडवणारी दोरी नको.
5. रुग्णाला चालवू नका. रस्ता लांब असेल तर खुर्चीत बसवून दोघांनी उचला. दुचाकीच मिळाली तर चालवणारा, मध्ये रुग्ण, मागे धरून बसणारा तिसरा. १०८ ला यायला वेळ लागणार असेल तर वाट बघत बसू नका.
6. निघतानाच दवाखान्यात फोन करा. "सर्पदंश, अमुक वाजता, इतक्या मिनिटांत पोचतो."
7. वाटेत लक्ष ठेवा: पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं, गिळता न येणं, हिरड्यांतून रक्त, उलटी. कोणतं लक्षण किती वाजता सुरू झालं ते डॉक्टरांना सांगा. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा.

> करू नका: आवळून दोरी, ब्लेडने चीर, तोंडाने चोखणं, बर्फ, मिरच्या चारणं, दारू, मांत्रिक. वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनही नको, ती रक्तस्राव वाढवतात. कुणी आधीच दोरी आवळली असेल तर वाटेत सोडू नका. डॉक्टरांसमोर, तयारी असताना सोडायची. एकदम सोडली तर अडकलेलं विष झटक्यात अंगभर जातं.

मण्यारासाठी वेगळा इशारा. तो जास्त करून झोपेत चावतो, दुखत नाही, सूज नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि घरचे ओवा देतात. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, उलट्या आणि जोडीला पापण्या न उघडणं दिसलं तर खूण शोधत बसू नका, थेट व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात न्या.

दवाखान्यात रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का ते बघतात. घोणस, फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, ते त्यावरून कळतं. नळी ठेवून डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले म्हणून भांडू नका, तपासणी चालू असते. लहान मुलालाही प्रतिविष मोठ्यांइतकंच देतात, कारण सापाने विष वय बघून कमी टोचलेलं नसतं. "एवढ्याशा पोराला इतक्या कुप्या?" म्हणून अडवणारे आजोबा मी पाहिलेत. लक्षणं नसली तरी २४ तास थांबवून घेतात, सही करून लवकर घरी नेऊ नका.

घरी आल्यावर दोन गोष्टींवर नजर ठेवा: लघवी कमी होणं किंवा लाल-तपकिरी होणं, आणि चावलेल्या जागेची कातडी काळी पडणं. घोणशीचं विष किडनीवर उतरतं, तेही दोन-तीन दिवसांनी कळू शकतं. यातलं काहीही दिसलं तर डिस्चार्जचा कागद घेऊन त्याच दिवशी परत जा.